आर, स्टेटा, एसपीएसएस अशा आकडेवारीच्या सॉफ्टवेअरमध्ये अडलात? मग प्रश्न असा विचारा

"माझं रिग्रेशन चालत नाहीये, प्लीज हेल्प, अर्जंट आहे." असा प्रश्न एखाद्या फोरमवर आला की ज्याला उत्तर येत असतं तोसुद्धा गप्प बसतो (रिग्रेशन म्हणजे एका आकड्याचा इतर गोष्टींशी संबंध मोजायची पद्धत). तो भाव खात नसतो, त्याच्या हातात काहीच नसतं. कुठलं सॉफ्टवेअर, कुठलं रिग्रेशन, आणि चालत नाही म्हणजे नेमकं काय, एरर येतोय की आकडे विचित्र येतायत की मशीन नुसतंच विचार करत बसलंय, यातलं त्याला काहीही दिसत नाही. तुम्ही त्या फाइलमध्ये इतके दिवस डोकं घालून बसलेले असता की कॉलमची नावं तुम्हाला झोपेतही आठवतात, पण समोरच्यापुढे फक्त तुम्ही टाइप केलेल्या चार ओळी असतात. म्हणून मदत मागायची असेल तर एकच गोष्ट साधायची, ती म्हणजे तुमची अडचण समोरच्याला त्याच्या मशीनवर जशीच्या तशी घडवून बघता आली पाहिजे. खाली जे काही लिहिलंय ते सगळं त्यासाठीच.

सुरुवात डेटापासून करूया, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच असतो आणि लोक सगळ्यात कमी माहिती त्याचीच देतात.

एक नेहमीचं उदाहरण घ्या. कोणीतरी विचारतं की आरमध्ये गुणांची सरासरी काढतोय, मीन फंक्शन एनए (म्हणजे आकडा नाही) देतंय, एनए डॉट आरएम ट्रू केलं, म्हणजे रिकाम्या जागा वगळ असं सांगितलं, तरी एनएच येतंय, हे ऑप्शन बिघडलंय का? सोबत डेटाच्या पहिल्या पाच ओळी स्क्रीनवरून कॉपी करून दिलेल्या असतात, त्यात 45, 52, 38 असे छान आकडे दिसतायत. बघणाऱ्याला वाटतं सगळं ठीक आहे. खरी गोष्ट अशी असते की खाली कुठेतरी एका ओळीत आकड्याच्या जागी 'गैरहजर' असा शब्द आहे, त्यामुळे फाइल वाचताना आरने तो अख्खा कॉलम अक्षरांचा धरलाय, आणि अक्षरांची सरासरी निघत नाही. साधा डेटा फ्रेम (आरमधला ओळी-कॉलमचा टेबल) स्क्रीनवर छापला की अक्षरांच्या कॉलमभोवती अवतरणचिन्हं दिसतच नाहीत, 45 हा आकडा आणि 45 हा मजकूर दोन्ही सारखेच दिसतात. म्हणजे प्रश्न विचारणाऱ्याने जे दिलं त्यात रोगाचं नावनिशाण नव्हतं.

यासाठीच आरमध्ये डीपुट नावाचं फंक्शन आहे. ते तुमच्या डेटाचा असा मजकूर तयार करतं की समोरच्याने तो कॉपी करून चालवला की त्याच्याकडे अगदी तुमच्यासारखाच डेटा तयार होतो, कॉलमचा प्रकार, फॅक्टरच्या (ठरावीक गट असलेल्या कॉलमच्या) लेव्हल्स, तारखा, सगळं तसंच्या तसं. हजार ओळींचा डीपुट टाकू नका, ते कोणी वाचत नाही. हेड फंक्शनने पहिल्या दहा-वीस ओळी आणि लागणारे तीन-चार कॉलम घ्या आणि त्यावर डीपुट चालवा. पण आधी बघा की तेवढ्या ओळींमध्ये अडचण येतेय ना, कारण वरच्या उदाहरणासारखी गडबड पन्नासाव्या ओळीत असेल तर पहिल्या दहा ओळी देऊन समोरचा तुमच्यासारखाच बुचकळ्यात पडणार. सोबत एसटीआर फंक्शनचं आउटपुटही चिकटवा, कुठला कॉलम आकड्यांचा आणि कुठला अक्षरांचा हे त्यात एका नजरेत कळतं. खूपदा हे आउटपुट चिकटवता चिकटवताच चूक तुमच्या लक्षात येते आणि प्रश्न विचारायची गरजच राहत नाही.

स्टेटामध्ये हेच काम डेटाएक्स कमांड करते, 15.1 व्हर्जनपासून ती सोबतच येते, वेगळी इन्स्टॉल करावी लागत नाही. काही सांगितलं नाही तर ती पहिल्या 100 ओळी देते, त्यामुळे व्हेरिएबलची नावं लिहून आणि इन वापरून ओळी कमी करून घ्या. पायथनमध्ये पांडाज ही डेटा हाताळायची लायब्ररी वापरत असाल तर हेडला टू डिक्ट जोडून तसंच करता येतं. एसपीएसएसवाल्यांनी निदान व्हेरिएबल व्ह्यूमधली माहिती तरी लिहावी, म्हणजे व्हेरिएबल न्यूमेरिक (आकडा) आहे की स्ट्रिंग (मजकूर), मेजर (मोजमापाचा प्रकार) काय लावलंय, मिसिंग (माहिती नाही) म्हणून कुठले कोड ठरवलेत. 99 हा मिसिंगचा कोड असेल आणि तसं एसपीएसएसला सांगितलेलं नसेल तर वयाची सरासरी कुठच्या कुठे जाते आणि एररही येत नाही.

डेटा गुप्त असेल तर? पेशंटची माहिती, कर्मचाऱ्यांचे पगार, विद्यार्थ्यांचे गुण असं काही खऱ्या नावानिशी बाहेर टाकायचं नाही, त्यात तडजोड नाही. नावं काढून टाकली म्हणजे झालं असंही नाही हं, गाव, वय आणि आजार या तीनच गोष्टींवरून माणूस ओळखू येऊ शकतो. त्यापेक्षा खोटा डेटा बनवा. दहा ओळी हाताने टाइप करा, किंवा सॉफ्टवेअरसोबत येणारा डेटा वापरा. आरमध्ये एमटीकार्स आहे, 32 ओळी आणि 11 कॉलम, आयरिस आहे 150 ओळींचा, स्टेटामध्ये सिसयूज ऑटो म्हटलं की 74 गाड्यांचा डेटा येतो. हे सगळ्यांच्याच मशीनवर असतात, त्यामुळे डेटा पाठवायची भानगडच नाही. तुमची अडचण एमटीकार्सवर पण येत असेल तर ती कोडमधली आहे, आणि तिथे येत नसेल तर तुमच्या डेटात काहीतरी आहे, म्हणजे एवढ्या एका चाचणीने अर्धा शोध झाला.

डेटा रॅन्डम बनवत असाल तर सेट सीड (रॅन्डम आकडे दर वेळी तेच यावेत म्हणून द्यायचा आकडा) लिहायला विसरू नका, नाहीतर तुमचे आकडे वेगळे आणि त्याचे वेगळे. आणि सीड एकच असूनही आकडे जुळत नसतील तर व्हर्जन बघा, आरने 2019 मध्ये 3.6.0 आणताना सॅम्पल फंक्शनची आतली पद्धत बदलली, त्यामुळे त्याआधीच्या आरमध्ये त्याच सीडवर वेगळा नमुना निघतो.

आता कोड. जो चालवला तोच द्या, आठवणीतून लिहू नका. आठवणीतून लिहिताना माणूस नकळत चूक दुरुस्त करून लिहितो, मग समोरचा म्हणतो माझ्याकडे तर चालतंय, आणि दोघांचाही वेळ जातो. कोड वर्ड प्रोसेसरमध्ये नेऊन मग कॉपी करू नका कारण तिथे सरळ अवतरणचिन्हं वाकडी होतात आणि वाकड्या अवतरणांवर आर, पायथन, स्टेटा सगळेच अडतात. मेन्यूतून क्लिक करून काम करणाऱ्यांनी 'मी ॲनालाइजमध्ये गेलो, मग तिथे हे निवडलं, मग ते टिक केलं' असं लिहीत बसण्यापेक्षा एसपीएसएसच्या डायलॉगमधलं पेस्ट बटण दाबावं, ओके नाही, पेस्ट. त्याने सिंटॅक्स विंडोत पूर्ण कमांड येते आणि तुम्ही न बघता तसेच ठेवलेले डिफॉल्ट पण त्यात दिसतात. खूप उत्तरं त्या डिफॉल्टमध्येच लपलेली असतात.

पूर्ण 300 ओळींची स्क्रिप्ट द्यायची का, तर नाही. छाटायची. अडचण ज्या ओळीवर येते तिथून मागे जा, ग्राफचे रंग, टायटल, फाइल सेव्ह करणं, या अडचणीशी संबंध नसलेलं सगळं काढत जा आणि दर वेळी चालवून बघा की एरर अजून येतोय का. काही काढल्यावर एरर गेला तर सापडलाच की चोर! हे काम कंटाळवाणं आहे हे कबूल, पण माझ्या मते सॉफ्टवेअर शिकायचा यापेक्षा चांगला रस्ता नाही, कोर्स केल्याने जे कळत नाही ते स्वतःची स्क्रिप्ट छाटताना कळतं. छाटून झालं की सॉफ्टवेअर बंद करून नव्याने उघडा आणि रिकाम्या सेशनमध्ये तो तुकडा चालवा. ही पायरी सगळे गाळतात. जुन्या सेशनमध्ये सकाळी बनवलेला एखादा ऑब्जेक्ट पडलेला असतो, तुमच्याकडे त्याच्या जोरावर चालतं आणि दुसऱ्याकडे ऑब्जेक्ट नॉट फाउंड येतं. आरमध्ये रिप्रेक्स नावाचं पॅकेज हेच करतं, तुमचा तुकडा कोऱ्या सेशनमध्ये चालवून कोड आणि आउटपुट एकत्र चिकटवायला तयार करून देतं.

लायब्ररीच्या (पॅकेज लोड करणाऱ्या) ओळी काढू नका बरं का छाटताना! कुठली पॅकेजेस आणि कुठल्या क्रमाने लोड केली हे महत्त्वाचं असतं. डीप्लायर पॅकेजमध्ये सिलेक्ट नावाचं फंक्शन आहे आणि मास पॅकेजमध्येही सिलेक्ट आहे, मास नंतर लोड केलं की डीप्लायरचं सिलेक्ट झाकलं जातं आणि काल चालणारा कोड आज अनयूज्ड आर्ग्युमेंट म्हणून ओरडतो. ज्याला हे माहीत आहे तो लायब्ररीच्या दोन ओळी बघून दहा सेकंदात सांगेल, पण त्या ओळी दिसल्या तर ना.

एररबद्दल थोडक्यात, कारण यात वाद घालण्यासारखं काही नाही. एरर पूर्ण आणि शब्दशः कॉपी करा. 'काहीतरी व्हेरिएबलचा एरर आला' हे चालणार नाही. स्टेटा एररखाली आर आणि कंसात एक नंबर देतं, तो पण लिहा, 111 म्हणजे व्हेरिएबल सापडलं नाही, 198 म्हणजे सिंटॅक्समध्ये गडबड, 2000 म्हणजे एकही ऑब्झर्वेशन उरलं नाही, असे त्यांचे ठरलेले अर्थ आहेत. पायथनचा ट्रेसबॅक (एररसोबत येणारी यादी) लांबलचक असतो, मुद्दा शेवटच्या ओळीत असतो पण वरचं पण द्या, कुठल्या ओळीवरून सुरू झालं ते तिथे कळतं. एकामागून एक पाच एरर आले असतील तर पहिला सगळ्यात महत्त्वाचा, कारण पॅकेजच लोड झालं नाही म्हणून पुढचे चार 'फंक्शन सापडलं नाही' असे आलेले असतात आणि लोक नेमका शेवटचा तेवढा देतात. वॉर्निंगही द्या. लॉजिस्टिक रिग्रेशनमध्ये (ज्यात उत्तर हो किंवा नाही असतं) फिटेड प्रोबॅबिलिटीज, म्हणजे मॉडेलने काढलेल्या शक्यता, शून्य किंवा एक झाल्याची वॉर्निंग आली आणि ती तुम्ही गाळलीत, तर स्टँडर्ड एरर (अंदाजातली अनिश्चितता) एवढा प्रचंड का हे कोणाला कळणार? एखाद्या व्हेरिएबलमुळे हो आणि नाही हे गट पूर्णपणे वेगळे पडतायत, हे ती वॉर्निंगच सांगत होती.

स्क्रीनशॉट शक्यतो नकोच. चित्रातला कोड चालवता येत नाही, चित्रातला एरर सर्च करता येत नाही, आणि मोबाइलने स्क्रीनचा काढलेला तिरका फोटो तर वाचताही येत नाही. ग्राफ कसा दिसतोय हाच प्रश्न असेल तरच चित्र लावा.

व्हर्जन लिहा. आरमध्ये सेशन इन्फो, स्टेटामध्ये अबाउट, पांडाजमध्ये शो व्हर्जन्स, एक कमांड आहे फक्त. 2020 मध्ये आर 4.0.0 आलं तेव्हा फाइल वाचताना मजकुराचे कॉलम आपोआप फॅक्टर करायची जुनी सवय बंद झाली, त्यामुळे एकच कोड जुन्या आणि नव्या आरमध्ये वेगळा वागू शकतो. जुन्या आरमध्ये आकड्यांचा कॉलम फॅक्टर झाला आणि त्यावर थेट ॲज न्यूमेरिक लावलं तर 10, 20, 50 च्या जागी 1, 2, 3 मिळतात, म्हणजे लेव्हलचे क्रमांक. एरर नाही, वॉर्निंग नाही, आकडे मात्र साफ खोटे.

आणि हे मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय, की एरर आलेला बरा, निदान काहीतरी चुकलंय हे कळतं तरी. न बोलता चुकीचा आकडा देणारा कोड जास्त वाईट आणि त्याबद्दल प्रश्न विचारणं जास्त अवघड. 'उत्तर चुकीचं येतंय' एवढं लिहून भागत नाही, तुम्हाला काय यायला हवं होतं आणि ते तसंच का यायला हवं होतं हे सांगावं लागतं. स्टेटामध्ये मिसिंग व्हॅल्यू कुठल्याही आकड्यापेक्षा मोठी धरतात. वय 60 पेक्षा जास्त असेल तर 1 असं व्हेरिएबल बनवलं की ज्यांचं वयच माहीत नाही त्यांनाही 1 मिळतो. आता हा प्रश्न असा विचारून बघा: "माझ्या 10 ओळींच्या डेटात 60 च्या वरचे 3 जण आहेत, मी हाताने मोजले, पण नव्या व्हेरिएबलमध्ये 1 हा 5 जणांना मिळाला, डेटाएक्स खाली देतोय." यात उत्तर देणाऱ्याला शोधायला काहीच ठेवलेलं नाही, तो दोन मिसिंग ओळींकडे बोट दाखवेल आणि संपलं. हाताने मोजता येईल इतका छोटा डेटा घ्यायचा तो यासाठी.

दोन सॉफ्टवेअरचे आकडे जुळत नाहीत हाही असाच प्रश्न. इथे दोन्हीकडचा कोड आणि दोन्हीकडचे आकडे द्या, एका बाजूचे देऊन दुसरीकडचे 'वेगळे येतात' असं म्हणू नका. 1, 2, 3, 4, 5 यांचं स्टँडर्ड डिव्हिएशन (आकडे किती पसरलेत ते) पांडाजमध्ये 1.5811 येतं आणि पायथनच्याच नमपाय लायब्ररीत 1.4142, कारण एक जण चारने भागतो आणि दुसरा पाचने. ज्याला हे माहीत आहे त्याला दोन्ही आकडे दिसले की लगेच कळतं. लॉजिस्टिकमध्ये कोइफिशियंट (व्हेरिएबलचा संबंध दाखवणारा आकडा) तोच पण चिन्ह उलटं असं दिसलं तर रेफरन्स कॅटेगरी (ज्या गटाशी तुलना होते तो) बघा, आर काही न सांगता पहिली लेव्हल धरतं आणि एसपीएसएस कॅटेगोरिकल म्हणून दिलेल्या व्हेरिएबलची शेवटची. अनोव्हामध्ये (गटांच्या सरासरींची तुलना) दोन किंवा जास्त फॅक्टर असतील आणि गटांमधल्या ओळींची संख्या असमान असेल तर आरचं साधं अनोव्हा टाइप वन सम ऑफ स्क्वेअर्स देतं आणि एसपीएसएस टाइप थ्री, मग पी व्हॅल्यू (खरा फरक नसताना असा निकाल योगायोगाने यायची शक्यता) जुळणार कशा? दोघंही आपापल्या जागी बरोबर, पण उत्तरं दोन वेगळ्या प्रश्नांची.

पुढचा मुद्दा: तुम्हाला मुळात काय करायचंय ते सांगा. खूपदा लोक मधल्याच एका पायरीबद्दल विचारतात. उदाहरणार्थ, 'लूप लावून 40 वेगळे डेटा फ्रेम कसे बनवायचे आणि प्रत्येकाला नाव कसं द्यायचं?' याचं उत्तर देता येतं, चार जण देतीलही, पण खरं काम असतं प्रत्येक शाळेची सरासरी काढणं, आणि त्याला लूपही नको आणि 40 डेटा फ्रेमही नकोत, ग्रुप करून एका ओळीत होतं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा प्रकार होतो. म्हणून प्रश्नाच्या सुरुवातीला एका वाक्यात लिहा की शेवटी हातात काय हवंय, आणि जमलं तर तो शेवटचा टेबल कसा दिसायला हवा ते हाताने दोन-तीन ओळी टाइप करून दाखवा.

कोड कसा लिहू हा एक प्रश्न आणि कुठलं मॉडेल लावू हा दुसरा, हे दोन एकत्र कालवू नका. मॉडेलबद्दल विचारायचं असेल तर कोड राहू द्या बाजूला, आधी अभ्यास कसा केला ते सांगा. एक ओळ म्हणजे एक माणूस की एका माणसाची एक भेट? त्याच माणसाला पुन्हा पुन्हा मोजलंय का? गट तुम्ही वाटले की लोक आपोआप त्या गटात होते? आउटकम काय आहे, हो-नाही, मोजणी, की सलग आकडा? एकूण किती जण? हे सांगितल्याशिवाय 'टी टेस्ट लावू की मॅन व्हिटनी' (दोन गटांची तुलना करायच्या दोन टेस्ट) याचं उत्तर फक्त अंदाजपंचे मिळेल, आणि अंदाजाने मिळालेली टेस्ट शेवटी तुमच्याच प्रबंधात छापली जाणार आहे. 'पी व्हॅल्यू 0.05 च्या खाली कशी आणू' असं तर विचारूच नका, डेटा जे सांगतोय ते ऐकायचंय की त्याच्याकडून हवं ते वदवून घ्यायचंय, हे आधी ठरवा.

प्रश्नाच्या पहिल्या ओळीत सॉफ्टवेअर, फंक्शन आणि लक्षण आलं पाहिजे. 'आर: मीन फंक्शन एनए डॉट आरएम ट्रू देऊनही एनए देतंय' ही ओळ वाचून जाणकार थांबतो. 'नवीन आहे, मदत करा' यात थांबण्यासारखं काही नाही. आपण नवीन आहोत म्हणून माफी मागायची गरज नाही, आणि अर्जंट लिहून काम लवकर होत नाही, उलट लोक पुढे जातात. तुम्ही आधी काय काय करून पाहिलं ते मात्र लिहा, हेल्प फाइल वाचली का, कुठलं ऑप्शन लावून बघितलं आणि त्याने काय झालं, म्हणजे तेच तेच सुचवलं जात नाही. हाच प्रश्न आणखी कुठे विचारला असेल तर तेही सांगून टाका, तिकडे सुटलेल्या प्रश्नावर इकडे कोणीतरी संध्याकाळ घालवणं बरोबर नाही.

उत्तर आलं की चालवून बघा, नुसतं थँक्यू म्हणून निघून जाऊ नका. नाही चालत असं परत लिहिण्यात काही अर्थ नाही, त्याने दिलेला कोड, तुम्ही त्यात काही बदललं असेल तर ते, आणि नवीन एरर, तिन्ही द्या. जुना प्रश्न मागे जाऊन बदलू नका, नाहीतर खालचं उत्तर वाचणाऱ्याला कशाचा कशाला मेळ लागत नाही, खाली नवीन ओळ जोडा. मध्येच भलताच दुसरा प्रश्न निघाला तर तो वेगळा विचारा. आणि कुठल्या उत्तराने काम झालं, किंवा तुमचं तुम्हालाच सापडलं तर काय सापडलं, ते कोडसकट लिहून ठेवा. 'झालं, सुटलं' एवढंच लिहून गायब झालेल्या माणसाचा प्रश्न सहा महिन्यांनी तोच एरर घेऊन आलेल्या कोणाला तरी सापडतो, तो आशेने शेवटपर्यंत खाली वाचत जातो आणि तिथे काहीच नसतं.